भोपळ्याचं बूड

एका जंगलात बातम्या पायी येत असत. पायी म्हणजे कासवाच्या पायी, कारण टपालखातं त्याच्याकडे होतं. वाघाच्या लेकीचं लग्न ठरल्याची बातमी घेऊन कासव नदीकाठच्या वस्तीत पोचलं, तेव्हा त्या लेकीला तीन बछडे झालेले होते आणि नदीकाठची मंडळी आहेर काय करायचा यावर खल करत बसली.

हसू नका बाळांनो. सगळ्यांचं बरं चाललं होतं. कोण कुणाला काय म्हणालं हे कळेपर्यंत निम्मी भांडणं आपोआप विरून जात.

त्या जंगलात टेकडीच्या पायथ्याला साळूबाई नावाची एक सायाळ राहत होती. सायाळ म्हणजे अंगभर काटे असलेलं ते जनावर. तिचे यजमान अंकुशराव. स्वभावाने गरीब, झोपायला हुशार आणि फुकट मिळालेली कुठलीही वस्तू छातीशी धरणारे. त्यांना एक मुलगी होती, कुसळी. नुकतीच लग्नाला आली होती.

साळूबाईच्या बिळाला दोन दारं होती. पुढचं दार सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांना, फेरीवाल्यांना आणि बिबळ्याला. मागचं दार कुणालाच ठाऊक नव्हतं. सायाळींची रीत अशी की लेक सासरी जात नाही, जावई बिळात येतो. आणि लेकीचं लग्न ठरलं की आई तिला मागचं दार कुठे आहे ते सांगते. एकदाच, कानात. नवऱ्याला ते ठाऊक नसतं. संकट आलं की त्याने डोळे घट्ट मिटायचे, बायकोची शेपटी धरायची आणि तिच्या मागोमाग चालायचं.

बिबळ्याच्या आजोबांनी पुढच्या दाराशी बसून साळूबाईच्या आजीची वाट पाहिली होती. त्याच्या वडिलांनी तिच्या आईची पाहिली. दोघेही उपाशी गेले. वाट पाहणं हा त्या घराण्याचा पिढीजात धंदाच झाला होता, आणि आताचा बिबळ्या त्या धंद्याला कंटाळला होता.

असं सगळं रीतीप्रमाणे चाललेलं असताना जंगलात 'कानोकान वेलपुरवठा मंडळी' आली.

मंडळीचं काम सोपं होतं. मध्यावरच्या मोठ्या वडापासून एक वेल निघणार. तिचे फाटे घरोघरी जाणार. घरात वेलीच्या टोकाला एक वाळवून पोकळ केलेला भोपळा बसवणार. भोपळ्यात बोललं की ते वेलीतून वडावर जायचं. वडाच्या ढोलींतून शंभर राघू बसलेले. ते बोलणं पाठ करायचे आणि ज्याचं त्याला पोचवायचे. डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच निरोप नदीपार. कासवाला त्या दिवशी सेवानिवृत्तीचा निरोप निघाला, तो आणायला ते स्वतःच गेलं होतं. अजून पोचलेलं नाही.

साळूबाईकडे भोपळा घेऊन आली झिपरू नावाची खार. कानात काडी, कमरेला वेलीची गुंडाळी.

"काकू, कोनाडा दाखवा. मोक्याचा. घराच्या मधोमध असेल तर उत्तम."

"मधोमध कशाला? दाराशी टांग की."

"दाराशी टांगला तर आतलं बोलणं नीट कसं पोचणार?"

अंकुशराव पुढे झाले. "भोपळ्याचं वेगळं काही द्यायचं का रे?"

"छे हो काका! वेलीचे दर महिन्याला टोपलीभर कंद. भोपळा मंडळीची भेट. फुकट."

फुकट म्हटल्यावर अंकुशरावांनी कोनाड्यातली कुलदेवता उचलून खाली ठेवली आणि तिथे भोपळा बसवला.

भोपळ्याच्या पोटात एक काजवा होता. हिरवा लुकलुकला म्हणजे सगळं ठीक. तांबडा लुकलुकला तर दांड्यातून वेल काढायची, दहापर्यंत मोजायचं आणि परत खोचायची. "त्यानेही नाही झालं तर?" साळूबाईने विचारलं. "पुन्हा दहापर्यंत मोजायचं," झिपरू म्हणाली.

मग तिने पळसाच्या सातशे पानांचा एक गठ्ठा पुढे केला. "इथे पंजा उमटवा."

"वाचून बघते."

"वाचताय काय काकू! अख्ख्या जंगलाने पंजा लावलाय."

अख्ख्या जंगलाने लावला म्हटल्यावर साळूबाईनेही लावला. बाळांनो, तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांनी काय केलं असतं. आणि ते खरं सांगताहेत का, तेही बघा.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच आहे. त्या जंगलात भेट आलेल्या वस्तूचं बूड बघायचं नाही अशी रीत होती. बूड बघणं म्हणजे देणाऱ्यावर संशय घेणं. तडा गेलाय का, कुणाचं उष्टं आहे का, हे बघणारा प्राणी हलक्या कुळाचा समजला जाई. म्हणून भोपळा घरोघरी बसला, कोनाड्यात पुजला गेला, पण त्याचं बूड कुणी म्हणजे कुणी पाहिलं नाही.

शेजारी खवलेकाका राहत. जातीने खवले मांजर. अंगावर चिलखत, बिळाला आतून तीन दगड आणि कुणी हाक मारली तर आधी गुंडाळी करून बसायचं, मग 'कोण?' म्हणून विचारायचं. त्यांनी वेल घेतली नव्हती. ते भोपळा बघायला आले आणि त्याच्यापासून चार पावलं लांब उभे राहिले.

"काय गं झिपरू, हाक मारली तरच ऐकतो ना हा? एरवी नाही ना?"

झिपरूला हसू आवरेना. "काका, हाक मारली हे कळायला आधी ऐकत असायला नको का?"

सगळे हसले. खवलेकाका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "साळू, माझ्या परसात भोपळे आहेत. एक कोरून देतो. वेल मंडळीची राहू दे, भोपळा तुझा असू दे."

"चालायचं नाही," झिपरू म्हणाली. "मंडळीच्या वेलीला मंडळीचाच भोपळा. दुसरा लावलात आणि वेल सुकली, तर आम्ही जबाबदार नाही."

खवलेकाकांनी गुंडाळी केली आणि ते उतारावरून घरंगळत आपल्या बिळात गेले. रागावले की ते असेच जात.

पुढे महिनाभर सायाळींच्या घरी आनंदीआनंद होता. साळूबाई एकदा सहज म्हणाली, "अहो, हल्ली काटे फार दुभंगतात माझे." दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मुंगूस हजर. हातात एरंडेलाचा बुधला. "वहिनी, दुभंगलेल्या काट्यांवर खास!" अंकुशराव जेवताना म्हणाले, "रताळं खाऊन किती दिवस झाले नाही?" पानावरून उठायच्या आत रानडुकराचा पोऱ्या रताळ्यांची पाटी घेऊन आला.

"काय सेवा आहे!" अंकुशराव म्हणाले. "नुसतं बोलायचा अवकाश! देवसुद्धा इतकं ऐकत नाही."

साळूबाईला जरा चुकचुकल्यासारखं झालं. पण काटे खरंच मऊ झाले होते. तिने विषय सोडून दिला.

अशात कुसळीचं लग्न ठरलं. ओढ्यापलीकडच्या घराण्यातला मुलगा. काटे मध्यम, स्वभाव शांत. अंकुशरावांनी भोपळ्यातून साऱ्या सोयऱ्यांना कळवलं. साळूबाईने मात्र दुपारी नवरा घोरायला लागल्यावर लेकीला जवळ बोलावलं.

"कुसळे, कान इकडे कर. मागचं दार जांभळाच्या तिसऱ्या मुळाखाली आहे. वरून सपाट दगड आहे. डाव्या खांद्याने ढकलायचा. माझ्या आईने मला सांगितलं, मी तुला सांगतेय. परत सांगणार नाही."

कुसळीचे डोळे भरून आले. साळूबाईचेही भरून आले. तिला आपली आई आठवली. कोनाड्यात काजवा हिरवा लुकलुकत होता. सगळं ठीक होतं.

आता तिकडे काय झालं ते बघू. बिबळ्या सशांकडे जेवायला गेला होता. सशांकडे जेवायला म्हणजे, असो, तुम्ही मोठे झालात की कळेल. जेवण आटोपून तो वळला आणि त्याची शेपटी कोनाड्याला लागली. भोपळा खाली पडला, गडगडला आणि उताणा होऊन थांबला.

बिबळ्याला कुणी रीतभात शिकवली नव्हती. त्याने बूड पाहिलं. बुडावर दोन शब्द कोरलेले होते. त्याने ते एकेका अक्षरावर नख ठेवून मोठ्याने वाचले, कारण त्याचं शिक्षण दुसरीपर्यंतच झालं होतं.

"भो-प-ळा भो-प-ळा."

"आज्ञा, मालक," भोपळा म्हणाला. "कुणाचं घर ऐकवू?"

बाळांनो, प्रत्येक भोपळ्याला असा एक परवलीचा शब्द होता. तो म्हटला की भोपळा म्हणणाऱ्याला मालक समजे आणि काय हवं ते करी. मंडळीला घरी न येता दुरुस्त्या करता याव्यात म्हणून ही सोय होती. आणि हजार भोपळ्यांचे हजार शब्द राघूंना पाठ होईनात, म्हणून मंडळीने सगळ्यांना एकच ठेवला होता. घराच्या धन्याने तो पहिल्याच दिवशी बदलावा असं सातशे पानांतल्या सहाशे बाराव्या पानावर लिहिलेलं होतं.

बिबळ्या भोपळा मांडीवर घेऊन बसला. पहिले दोन दिवस तो अगदी जेरीस आला. रानडुक्कर पोटातल्या वायूबद्दल दोन-दोन तास बोलत होतं. माकडांच्या घरी कोण कुणाला काय म्हणालं याचा हिशोब लागत नव्हता. अंकुशराव नुसते घोरत होते. पण मग त्याला हळूहळू कामाचं ऐकू यायला लागलं.

आठवड्याभरात मुंगसाचं घर रिकामं झालं. मग घोरपडीचं. दोन्ही घरांची पुढची दारं आतून नीट लावलेली होती. मंडळीने वडावरून दवंडी पिटवली, की ग्राहकांनी आपापली दारं नीट लावून घ्यावीत, मंडळीला त्यांच्या सुरक्षेची फार काळजी आहे.

साळूबाई मुंगसाच्या बिळापाशी जाऊन उभी राहिली. मागचं दार बोरीच्या जाळीत होतं, सताड उघडं. तिने ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. शेजारी असून तिला ठाऊक नव्हतं. मग बिबळ्याला कुणी सांगितलं? मुंगशीण हे कुणाशी बोलली असेल? बाहेर तर कधीच बोलायची नाही. बोलली असेल तर घरात.

घरात.

साळूबाई घरी आली ती थेट कोनाड्यापाशी. काजव्याने हिरवा डोळा मिचकावला. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. भेटीचं बूड! आई असती तर काय म्हणाली असती? मग तिने मनातल्या मनात आईची क्षमा मागितली, डोळे मिटले, भोपळा उलटा केला आणि एक डोळा उघडून वाचलं.

"भोपळा भोपळा," ती पुटपुटली.

"आज्ञा, मालकीणबाई."

तिच्या अंगावरचे सगळे काटे ताठ उभे राहिले. ती म्हणाली, "मागचं दार."

भोपळ्याने घसा खाकरला आणि साळूबाईच्याच आवाजात, त्याच दबक्या, भरून आलेल्या आवाजात म्हणाला, "कुसळे, कान इकडे कर. मागचं दार जांभळाच्या तिसऱ्या मुळाखाली आहे. वरून सपाट दगड आहे. डाव्या खांद्याने ढकलायचा. माझ्या आईने मला सांगितलं…"

"पुरे!" साळूबाई ओरडली. मग तिने विचारलं, "हे आणखी कुणी ऐकलंय?"

"क्षमा असावी," भोपळा अदबीने म्हणाला. "कोण काय ऐकतं, ही माहिती खासगी आहे."

साळूबाईने भोपळा परत कोनाड्यात ठेवला. तीन पिढ्यांनी जपलेलं दार, आणि ते आपल्याच तोंडाने आपल्याच कोनाड्यात सांगून बसलो. तिला लाज वाटली. मग भीती वाटली. आणि मग असा संताप आला की तिने कुसळीला जांभळाच्या मुळाशी दगड रचायला बसवलं आणि स्वतः मंडळीच्या तक्रार-शाखेला हाक घातली.

तक्रारी कोकिळा ऐकत असे. ऐकत असे म्हणजे आधी गात असे. "आपला आवाज आमच्यासाठी मोलाचा आहे. आपल्यापुढे एकशे सदतीस प्राणी आहेत. तोवर एक गाणं ऐका." आंब्याचा मोहोर झडून कैऱ्या धरल्या, तेव्हा साळूबाईचा नंबर लागला. बरं, इतका वेळ काही नाही लागला. पण तिला तसं वाटलं.

"शब्द बदलायचाय मला. भोपळ्याचा."

"अवश्य बदला, ताई. फक्त दर अमावास्येला मंडळी सगळे भोपळे धुऊन घेते. तेव्हा शब्द पुन्हा पहिल्यासारखा होतो."

"तो का?"

"सुरक्षेसाठी."

"मग वेल काढून न्या तुमची!"

"त्यासाठी वेगळी शाखा आहे. तोवर एक गाणं ऐका."

साळूबाईने बोलणं तोडलं. थोडा वेळ ती काजव्याकडे बघत बसली. आणि बाळांनो, तिच्या डोक्यात एक विचार आला. हा ऐकतोय ना? मग ऐकू दे.

"कुसळे," ती दबक्या आवाजात म्हणाली, अगदी कानात सांगितल्यासारखं, पण कोनाड्याकडे तोंड करून. "जांभळाखालचं दार मी बुजवलं. नवं दार करवंदीच्या जाळीमागे, पोकळ खोडात. भोक लहान आहे. डोकं आधी घालायचं आणि जोराने आत रेटायचं. कुणाला सांगू नकोस हं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी करवंदीच्या जाळीतून अशी डरकाळी आली की वडावरचे राघू पाठांतर विसरले. त्या खोडात गांधीलमाश्यांचं पोळं होतं. बिबळ्याने डोकं आधी घातलं होतं. जोराने रेटलंही होतं. बाहेर काढलं तेव्हा ते भोपळ्याएवढं झालं होतं.

चुकीची माहिती पुरवल्याबद्दल त्याने मंडळीकडे तक्रार केली. त्याच्यापुढे एकशे सदतीस प्राणी होते, आणि त्यांतल्या कुणाकडेच त्याला डोळे सुजल्यामुळे जेवायला जाता येत नव्हतं.

साळूबाईने लगेच वडाखाली सभा बोलावली. सगळं जंगल आलं. मंडळीचे चालक मोर पिसारा आवरून पाटावर बसले. साळूबाईने भोपळा काखेतून काढला आणि चारचौघांत उलटा केला.

सभेत एकदम कुजबुज उठली. म्हाताऱ्या वानरीने नातवंडांचे डोळे झाकले. रानडुकरीण उठून उभी राहिली. "अगं बाई! भेटीचं बूड पाहिलंस? चांगल्या घरची ना तू?"

"माझं घर राहूच दे," साळूबाई म्हणाली. "मुंगसाचं घर गेलं, घोरपडीचं गेलं, ते कशामुळे ते बघा. सगळ्यांच्या भोपळ्यांना एकच शब्द आहे. बिबळ्याला तो ठाऊक आहे. आपण घरात बोलतो ते सगळं त्याला ऐकू जातंय!"

आता मात्र सगळे चपापले. मोर उठले. त्यांनी दोन्ही पंख छातीशी नेले. "ग्राहकहो, तुमचं खासगी बोलणं आम्हाला आमच्या पिलांइतकं प्रिय आहे. म्हणून आजपासून सगळ्या भोपळ्यांचा शब्द बदलण्यात येत आहे. नवा शब्द आहे, भोपळा भोपळा भोपळा. म्हणजे दीडपट सुरक्षित!"

टाळ्या झाल्या.

"अहो, पण तुम्ही तो आत्ता भर सभेत सांगितलात!" साळूबाई ओरडली. "आणि पुन्हा सगळ्यांना एकच!"

"आम्ही काहीच लपवत नाही," मोर म्हणाले आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

पण साळूबाईचं बोलणं अगदीच वाया गेलं नाही. सभा सुटली आणि सगळे प्राणी धापा टाकत आपापल्या घरी पळाले. साळूबाईला बरं वाटलं. चला, आता सगळे भोपळे फोडतील, ती मनाशी म्हणाली. ती कान देऊन बसली. फोडल्याचा आवाज काही आला नाही. उलट जंगल गप्प झालं. माकडं भांडेनात. पाणवठ्यावर कुणी येईना.

तिने रानडुकरांच्या बिळात डोकावलं. अख्खं कुटुंब भोपळ्याभोवती डोकं टेकून बसलेलं. "शू!" रानडुकरीण म्हणाली. "माकडिणीकडे लावलंय. माझ्याबद्दलच चाललंय!"

माकडांनी रानडुकरांकडे लावलं होतं. वानरीने सुनेच्या माहेरी. तो शब्द सगळ्यांना कळला होता ना? मग आपला भोपळा बंद करण्याऐवजी प्रत्येकाने दुसऱ्याचा उघडला होता. बिबळ्या दिसला की ओरडायचं काम टिटवीकडे होतं. ती खडकावर बसून भोपळ्याला कान लावून होती. तिच्या समोरून बिबळ्या गेला. तिने त्याला पंखानेच 'थांबा जरा' अशी खूण केली.

साळूबाईने जंगलाचा नाद सोडला. तिने बिळातला भोपळा वेलीसकट उचलून बाहेर उकिरड्यावर फेकला. मग तीन दिवस खपून नवं मागचं दार खणलं. कुठे, ते मी तुम्हालाही सांगणार नाही. कुसळीला ते सांगायला ती तिला खवलेकाकांच्या बिळात घेऊन गेली, आणि काकांनाही तेवढ्यापुरतं बाहेर काढलं. काका गुंडाळी होऊन उन्हात बसून राहिले, पण मनातून त्यांना फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी मायलेकी कंद सोलत बसल्या होत्या. पुढच्या दारावर अंकुशरावांचा पहारा होता. तेवढ्यात साळूबाईच्या नाकाला ओळखीचा वास आला. तिने वळून पाहिलं. दारातून एक सुजकट डोकं आत येत होतं.

पहारेकरी कुठे होते? कंदांच्या ढिगामागे होते. उकिरड्यावरचा भोपळा त्यांनी त्याच संध्याकाळी आणून तिथे दडवला होता. वेल हिरवीच होती. ते भोपळ्याला कान लावून बसले होते.

"अहो, बिबळ्या! चला!"

"थांब गं! व्याह्यांकडे लावलंय. 'सासरा बावळट आहे, पण' इथपर्यंत आलंय!"

"अहो!"

"पणच्या पुढचं तरी ऐकू दे!"

साळूबाईने त्यांना कानाला धरून उठवलं. त्यांनी रीतीप्रमाणे डोळे मिटले, एका हाताने बायकोची शेपटी धरली आणि दुसऱ्या काखेत भोपळा मारला. कुसळी पुढे झाली. तिघं अंधाऱ्या बोगद्यात शिरली. बोगद्याला साळूबाईने सात फाटे ठेवले होते, त्यांतले सहा आंधळे. मागे बिबळ्या धडपडत होता. एका फाट्यात शिरला, डोकं आपटून परत आला. दुसऱ्यात शिरला. साळूबाईला धीर आला.

मग मागची धडपड एकाएकी थांबली. सावकाश, नेमकी, योग्य वळण घेत पावलं त्यांच्याकडे यायला लागली.

साळूबाईच्या लक्षात येईना. तिने अंधारात हात फिरवला आणि तिच्या हाताला वेल लागली. भोपळ्याच्या दांड्यातून निघालेली, बोगद्याभर त्यांच्या मागे सोडत आणलेली वेल. ती ताणली गेली होती. दुसरीकडून कुणीतरी ती हातात धरून येत होतं.

तिला रडू आलं. पण रडायलाही वेळ नव्हता. तिने वेल दातांत धरली आणि चावली. सायाळीचे दात हाड कुरतडतात, पण मंडळीची वेल चिवट होती. पावलं जवळ आली. बिबळ्याचा श्वास अंकुशरावांच्या काट्यांवर आला. वेल तुटली, आणि तिने दोघांना कोपऱ्यावरून आतल्या फाट्यात ओढून घेतलं. बिबळ्या हातात वेलीचं टोक धरून अंधारात तसाच सरळ पुढे गेला आणि आंधळ्या फाट्याच्या भिंतीवर आपटला. त्याची डरकाळी खूप वेळ ऐकू येत होती.

बाहेर उन्हात आल्यावर साळूबाईने लेकीला घट्ट जवळ घेतलं. काटे टोचले तरी सोडलं नाही. अंकुशरावांनी डोळे उघडले, भोपळा हलवून पाहिला आणि ते उदास झाले.

"तुटलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पणच्या पुढे काय म्हणाले असतील गं?"

ती तिघं टेकडी ओलांडून, ओढा ओलांडून, कुणाच्या नजरेस न पडता एका दरीत गेली. तिथे वस्ती नव्हती. साळूबाईने नवं बीळ खणलं. खवलेकाकांनाही पत्ता दिला नाही. तिसऱ्या दिवशी ती दारात बसून पहिल्यांदा निवांत श्वास घेत होती, तोच समोरच्या झाडावरून कुणीतरी टुणकन उतरलं.

"नमस्कार काकू!" झिपरू म्हणाली. कानात काडी, कमरेला गुंडाळी आणि पाठीवर नवाकोरा भोपळा. "नव्या घराबद्दल मंडळीतर्फे अभिनंदन! हा मोठा भोपळा. दोन काजवे. आणि हे बघा, खिडकीसुद्धा आहे. आता ऐकू येईलच, दिसेलही!"

"तुला पत्ता कुणी दिला?"

झिपरूने अदबीने मान झुकवली. "ती माहिती खासगी आहे, काकू."

साळूबाईने वळून अंकुशरावांकडे पाहिलं. अंकुशराव कोनाड्याकडे बघत होते. त्यांनी तो सकाळीच रिकामा करून ठेवला होता.

साळूबाईने पुढे होऊन भोपळा हातात घेतला आणि झिपरूच्या देखत उलटा केला. बूड कोरं होतं. गुळगुळीत, स्वच्छ, एक अक्षर नाही.

"लोकांनी फार तक्रारी केल्या," झिपरू म्हणाली. "म्हणून आता शब्द बुडावर लिहीत नाही आम्ही. झाकणावर लिहितो."

तात्पर्य : घराला मागचं दार कधी ठेवू नये. भोपळ्याला ते असतंच. दोन-दोन दारं सांभाळण्याची यातायात कशाला?